पाठीला लागलेली माती

दिवाळीच्या सुटीत माझी मुलगी नागपुराहून घरी आली म्हणजे आमच्या चंद्रपूरच्या घरातील शांततेचा भंग होतो, आणि तो व्हावा अशीच आम्हां उभयतांची इच्छा असते. परंतु गेल्या सुटीत तिने एक नवेच वेड बरोबर आणले होते. रात्रीची जेवणे आटोपली की ती आपला संगणक मांडीवर घेऊन बसे, आणि त्यातून माणसे फळ्यांवर आपटल्याचा व हजारो लोक एका सुरात कोणाचे तरी नाव पुकारीत असल्याचा आवाज येई. जपानातील धंदेवाईक कुस्त्या ती पाहत असे.

पहिल्या रात्री मी तिच्या मागे उभा राहून थोडा वेळ तो प्रकार पाहिला. एक गडी दोरखंडावरून झेप घेत होता आणि दुसरा, बाजूला सरण्यास भरपूर अवसर असूनही, त्याला अंगावर घेण्यासाठी उभा होता. माझ्याने राहवेना. मी म्हटले, "ही कुस्ती नव्हे, सोंग आहे. कोण जिंकणार ते आधीच ठरलेले असते. ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे एकच शब्द आहे, फसवणूक!"

तिने मान वर न करता विचारले, "बाबा, वडशाच्या मंडळींचं नाटक तुम्ही दरवर्षी थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत पाहता. त्यातला नायक खरंच मरतो का?"

तीस वर्षे मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहे. रंगभूमीवरील मृत्यू खोटा आहे हे ठाऊक असताना प्रेक्षकाचे डोळे का भरून येतात, याविषयी कोलरिजने काय सांगितले आहे, ते मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना समजावून देतो. तेव्हा उत्तर माझ्यापाशी तयार होते. नाटक हे नाटक म्हणूनच दाखवितात, कुस्ती मात्र खरी म्हणून दाखवितात, हा तो भेद. "पण तिथल्या प्रेक्षकांना सगळं ठाऊक असतं," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्यात रमून गेली.

मी निजावयास गेलो. पण झोप येईना. मुलीने मला निरुत्तर केले याचे मला दुःख नव्हते. शिक्षकाच्या मुलीने तेवढे करावेच. मला टोचत होता तो माझाच शब्द. 'फसवणूक' हा शब्द मी याच विषयासंबंधी, याच आवाजात, पूर्वी एकदा उच्चारला होता. त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. ऐकणारे माझे वडील होते.

आमचे गाव ब्रह्मपुरीकडचे, वैनगंगेच्या अलीकडच्या तीरावरचे. वडिलांची अडीच एकर धानाची बांधी होती. परंतु पंचक्रोशीत त्यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखीत नसे. ते 'पहेलवान' होते. मारुतीच्या देवळाला लागून कवेलू घातलेला एक लांबट छपराचा आखाडा होता. त्यातील माती चाळून तिच्यात तेल, ताक आणि हळद मुरविण्याचे काम ते एखाद्या व्रतासारखे करीत. पहाटे आम्हां मुलांना ते तेथे नेत आणि आधी जोर-बैठका मोजून घेत. मग पडावयास शिकवीत. 'पाडता सगळ्यायले येते, पडता येत नाई,' असे ते म्हणत. मला पडता आले नाही आणि पाडताही आले नाही. माझे लक्ष पुस्तकात आहे हे त्यांनी लौकरच ओळखले आणि मला आखाड्यातून मोकळे केले.

त्या आखाड्यात मारुतीच्या तसबिरीशेजारी वर्तमानपत्रातून कापलेले एक चित्र काचेत घालून लावलेले होते. ते खाशाबा जाधवांचे. १९५२ च्या जुलैत हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या तरुणाने कांस्यपदक मिळविले, तेव्हा माझे वडील चौदा वर्षांचे होते. त्या काळी आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि सातारा जिल्हा मुंबई राज्यात. पण कुस्तीला प्रांताची सीमा ठाऊक नसते. स्वतंत्र भारताला व्यक्तिगत खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. त्या पदकाची हकीकत वडील इतक्या वेळा सांगत की, ती आम्हांला रामायणातील एखाद्या कांडासारखी पाठ झाली होती. खाशाबांपाशी प्रवासाचे पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून त्यांना सात हजार रुपये दिले. हा भाग आला की वडील क्षणभर थांबत आणि म्हणत, "मास्तर होता तो! मास्तरनं घर गहान टाकलं पयलवानासाठी!"

याच हकीकतीत जपान प्रथम माझ्या कानी पडला. हेलसिंकीत खाशाबा ज्या दोघांकडून हरले त्यांपैकी एक रशियाचा ममेदबेकोव्ह आणि दुसरा जपानचा शोहाची इशी. सुवर्णपदक इशीनेच नेले. त्याच्याकडून पाठीला माती लागणे ही वडिलांच्या मते नामुष्की नव्हती. खऱ्या कुस्तीत जो हरतो, त्याने दुसऱ्याचे बळ आपल्या अंगावर मोजलेले असते, असे काहीसे ते आपल्या बोलीत सांगत. कुस्ती निकाली झाली पाहिजे आणि ती खरी असली पाहिजे, हे त्यांचे दोन नियम होते. पैसे घेऊन बरोबरीत सोडविलेल्या कुस्तीची वार्ता कानावर आली की ते त्या पहेलवानाचे नाव टाकीत.

आता १९८२ सालाची गोष्ट सांगतो. त्या वर्षी २६ ऑगस्टला आमच्या जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. हलके धान घरात आलेले असते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. दिवसा दंडार, शंकरपट किंवा कुस्त्यांची दंगल होते आणि रात्री मांडवात नाटक. त्या वर्षी पलीकडच्या तीरावरील एका गावच्या मंडईत 'चांदा विरुद्ध गडचिरोली' अशी जोड लावण्याची कल्पना कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाली. चांद्याकडून माझे वडील आणि गडचिरोलीकडून एकवीस वर्षांचा एक तरुण. वडिलांचे वय चव्वेचाळीस. दंगलीतून ते जवळजवळ निवृत्तच झाले होते. त्यांनी ही जोड का पत्करली याचे घरात सर्वांना नवल वाटले.

मी तेव्हा दहावीत होतो. मी गर्दीत पुढे बसून ती कुस्ती पाहिली. हलग्या कडाडत होत्या. पहिली दहा मिनिटे वडिलांनी त्या तरुणास असे खेळविले की, लोकांच्या तोंडून शब्द फुटेना. दोनदा तो खाली आला आणि दोनदा पाठ टेकण्याच्या आत निसटला. मग हळूहळू वडील दमल्यासारखे झाले. विसाव्या मिनिटाच्या सुमारास त्या तरुणाने त्यांच्या कमरेला मिठी घातली, त्यांना उचलले आणि पाठीवर टाकले. क्षणभर स्तब्धता, आणि मग जो जल्लोष झाला तसा मी पुढे कधी ऐकला नाही. तीन महिन्यांपूर्वी कागदावर जन्मलेला जिल्हा त्या क्षणी लोकांच्या उरात जन्मला असावा. म्हातारी माणसे डोळे पुशीत होती. तरुणाला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. वडिलांनी अंगावरची माती झाडली, पटका बांधला आणि ते एका झाडाखाली जाऊन बसले. मी रडत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

रात्री मांडवात नाटक होते. नट रंगतात कसे ते पाहावे म्हणून मी कनातीच्या मागे गेलो. तेथे कंदिलाच्या उजेडात दोघे गृहस्थ पैसे मोजीत होते. एकजण म्हणाला, "पयलवानाचे तीनशे देऊन टाक, ठरल्या परमानं. बेस पडला."

'बेस पडला' हे दोन शब्द मी आजही जसेच्या तसे ऐकू शकतो. मी परत येऊन प्रेक्षकांत बसलो. पहाटे नाटकाच्या शेवटी नायक मेला आणि सारा मांडव हुंदके देऊ लागला. दुपारी त्या तरुणासाठी ओरडणारीच ही माणसे. माझे डोळे मात्र कोरडे होते.

उजाडता उजाडता आम्ही डोंग्यातून नदी ओलांडीत होतो. पाण्यावर धुके होते. डोंग्यात आम्ही दोघे आणि नावाडी. मी उभा राहून म्हटले, "बा, तू जानून हारला." ते काही बोलले नाहीत. "तू लोकायले फसवलं," मी म्हणालो. त्यांनी पाण्याकडे पाहत एवढेच म्हटले, "डोंग्यात उभा राहू नोको. बस."

त्यानंतर या विषयावर आम्हां दोघांत एक अक्षरही झाले नाही. पुढच्या जूनमध्ये मी शिकावयास नागपूरला निघालो, तेव्हा आईने एका फडक्यात बांधलेले पैसे माझ्या हातात ठेवले. ते कुठून आले हे मी विचारले नाही, कारण मला ठाऊक होते. मी ते घेतले.

वडील पुन्हा दंगलीत उतरले नाहीत. काही वर्षे त्यांनी गावच्या मुलांना शिकविले. मग गुडघे गेले आणि आखाड्याच्या मातीत गवत उगवले.

मुलीच्या त्या प्रश्नानंतर सुटीतील उरलेल्या रात्री मी तिच्याजवळ बसून जपानी कुस्तीचा इतिहास समजून घेतला. मिळाले तेवढे वाचलेही. प्रौढ वयात आपल्याच अपत्यापाशी शिकावयास बसण्यात एक निराळे सुख आहे. पण मी सुखासाठी बसलो नव्हतो. मला एका जुन्या खटल्याची कागदपत्रे पुन्हा पाहावयाची होती.

आरंभीच मला इशी भेटला. हा मूळचा ज्यूदो खेळणारा. युद्धात जपानचा पराभव झाल्यावर अमेरिकन अंमलाखाली ज्यूदोवर निर्बंध आले, म्हणून तो कुस्तीकडे वळला. हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्याचे. युद्धोत्तर जपानचे ते पहिलेच. ज्या राष्ट्राची मान खाली गेली होती त्याला अंगाच्या बळाने मिळालेला तो पहिला दिलासा.

दुसरा दिलासा मिळाला तो मात्र अगदी निराळ्या जातीचा. रिकिदोझान हा सुमो पहेलवान. १९५० मध्ये त्याने सुमो सोडले आणि तो अमेरिकन पद्धतीच्या धंदेवाईक कुस्तीत शिरला. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोकियोच्या कुरामाए येथील सुमोगृहात त्याची आणि ज्यूदोवीर मासाहिको किमुरा याची जोडी बेन व माइक शार्प या दोन धिप्पाड बंधूंशी लढली. जपानात दूरचित्रवाणी सुरू होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. घरोघरी यंत्र नव्हते. म्हणून चौकाचौकांत यंत्रे मांडलेली असत आणि त्यांच्यासमोर अफाट गर्दी जमे. किमुराला गोऱ्यांनी चोपावे आणि मग रिकिदोझानने पुढे होऊन उघड्या तळहाताच्या तडाख्यांनी त्या राक्षसांना लोळवावे, हे दृश्य त्या गर्दीने पाहिले. नऊ वर्षांपूर्वी ज्यांची नगरे बेचिराख झाली होती ती ही माणसे. ती रडली असतील यात नवल ते काय?

आणि यातील सत्य किती होते? कुस्त्यांचे निकाल ठरलेले होते. ज्यांना लोक अमेरिकन समजत होते ते शार्प बंधू कॅनडाचे होते. आणि जपानची लाज राखणारा रिकिदोझान जन्माने कोरियन होता. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षेपर्यंत ही गोष्ट सामान्य जपानी माणसाला ठाऊक नव्हती. म्हणजे वीर जपानी नव्हता, शत्रू अमेरिकन नव्हता आणि लढाई लढाई नव्हती. तरी दिलासा मिळाला तो मिळालाच. हे वाचताना वैनगंगेपलीकडचा तो जल्लोष माझ्या कानांत पुन्हा घुमू लागला.

ज्या किंगकाँगशी दारासिंगाच्या कुस्त्या आमच्याकडील शहरांतून गाजल्या, तोदेखील १९५५ च्या नोव्हेंबरात रिकिदोझानकडून हरला होता. १९६३ च्या डिसेंबरात एका रात्रीच्या क्लबात रिकिदोझानला सुरा लागला आणि आठवड्याने तो मेला. त्याच्या शिष्यांपैकी दोघांनी पुढे तो वारसा चालविला. एक जायंट बाबा, पूर्वीचा बेसबॉलचा गोलंदाज. दुसरा आंतोनिओ इनोकी, लहानपणी कुटुंबाबरोबर ब्राझीलला गेलेला. १९७२ मध्ये दोघांनी आपापल्या स्वतंत्र मंडळ्या काढल्या. इनोकीच्या मंडळीचा ओढा कुस्ती खऱ्यासारखी दिसावी याकडे. १९७६ मध्ये तो महंमद अलीसारख्या मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहिला, तो त्याच ओढीने. बाबाच्या मंडळीत मल्लांच्या स्पर्धेची कथा वर्षानुवर्षे धिम्या गतीने रंगविली जाई. कोल्हापूरकडे दोन तालमींत असते तसलेच हे वैर, आणि त्याच्यामुळेच दोहोंकडची माणसे तयार झाली.

या मंडळ्यांत नवशिक्या मुलाला प्रथम काय शिकवितात हे वाचून मी चकित झालो. पहाटे उठून शेकडो बैठका. आमच्याच त्या बैठका! इंग्रजीत त्यांना 'हिंदू' असे विशेषण लावतात. मग आखाडा झाडणे, वडीलधाऱ्यांचे कपडे धुणे, त्यांचे जेवण रांधणे. आणि मग 'उकेमी', म्हणजे पडण्याची विद्या. हनुवटी छातीशी ओढावी, हात पसरून जमिनीवर मारावेत, म्हणजे आघात पाठभर वाटला जातो आणि मान वाचते. पातळ गादीखाली फळ्याच असतात. दुसऱ्याला डोक्यावरून मागे फेकण्याचा जो डाव असतो त्यात फेकला जाणारा स्वतः उडी घेतो, आणि फेकणारा त्याची मान सांभाळतो. एकाने आपला देह दुसऱ्याच्या हाती सोपविल्यावाचून तो डावच होत नाही.

हा विश्वास मोडला तर काय होते तेही याच इतिहासात आहे. २२ डिसेंबर १९५४ रोजी रिकिदोझान आणि किमुरा एकमेकांविरुद्ध उभे राहिले. कुस्ती बरोबरीत सोडवावयाचे ठरले होते, असे किमुराने पुढे सांगितले. मध्येच रिकिदोझान खरोखरीच मारू लागला आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन बेशुद्ध पडला. ठरलेल्या कुस्तीत एकाने खरेपणा आणला आणि तीच त्या कुस्तीतील सर्वांत मोठी फसवणूक ठरली. तीस वर्षे अलंकारशास्त्र शिकवूनही इतका बोचरा विरोधाभास मला आढळला नव्हता.

परंतु या सर्व इतिहासात माझे मन अडकले ते एकाच कुस्तीपाशी. जंबो त्सुरुता हा १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये जपानकडून लढलेला मल्ल. म्हणजे खरी कुस्ती त्याला येत होती. बाबाच्या मंडळीतील तो मुख्य वीर. ८ जून १९९० रोजी टोकियोच्या बुडोकानमध्ये तो मित्सुहारू मिसावा या तरुणाशी लढला. त्सुरुता एकोणचाळीस वर्षांचा, उंचीने आणि वजनाने मोठा, नावाने तर फारच मोठा. मिसावा अठ्ठाविसाव्या वर्षात. महिन्यापूर्वीपर्यंत तो वाघाचा मुखवटा घालून लढत असे. सुमारे चोवीस मिनिटांनंतर एका उलटविलेल्या डावात मिसावाने त्सुरुताचे खांदे टेकविले. पंचाने तीन मोजले आणि सारे बुडोकान मिसावाच्या नावाने दणाणून गेले. त्या एका रात्रीत तो मोठा झाला.

मुलगी सांगत होती, "बाबा, इथं त्सुरुताकडे बघा. त्याला हरायचंय हे ठाऊक आहे. पण तो स्वस्तात हरत नाही. तो स्वस्तात हरला तर मिसावाला काहीच मिळणार नाही. आधी आपण किती मोठे आहोत ते दाखवायचं आणि मग ते सगळं दुसऱ्याला देऊन टाकायचं."

मी चष्मा काढून पुसू लागलो. मला त्सुरुता दिसत नव्हता. पहिली दहा मिनिटे त्या तरुणाला खेळविणारे, दोनदा खाली आणून दोनदा निसटू देणारे वडील मला दिसत होते.

याहून एक अधिक जुनी गोष्ट मला आता उमगली. २०१५ मध्ये वडील वारले. तेरवीला नदीपलीकडून एक गृहस्थ आले. पन्नाशी ओलांडलेले, कान चेमटलेले, म्हणजे जन्म मातीत गेलेला. त्यांनी आपली ओळख दिली तेव्हा मी ताठ झालो. हाच तो तरुण. जेवणे झाल्यावर ते माझ्याजवळ ओसरीवर बसले आणि आपण होऊन बोलू लागले. जोड ठरविणाऱ्यांनी त्यांना काही सांगितलेले नव्हते. "मी उचलाले गेलो आन् पयलवानानं आंग हलकं केलं," ते म्हणाले. "तवाच मले समजलं."

ज्याने कधी मातीत पाय ठेवला आहे त्याला याचा अर्थ सांगावयास नको. ज्याला उचलले जाऊ नये असे वाटते तो आपला भार असा खाली सोडतो की, माणूस शिळेसारखा जड होतो. ज्याची संमती असते त्याचे शरीर हलके होते. हे प्रेक्षकांना दिसत नाही, उचलणाऱ्यालाच कळते. लोक त्यांना खांद्यावर घेऊन नाचत होते तेव्हा त्या भल्या माणसाला तोंड कुठे लपवावे असे झाले होते. ती जीत खरी करून दाखवावयाची, म्हणून पुढे दहा वर्षे त्यांनी अंग मोडून मेहनत केली, कितीतरी निकाली कुस्त्या मारल्या आणि आता ते आपल्या गावी मुलांना शिकवितात. "त्या कुस्तीचं कर्ज फेडतो हावो," ते हसून म्हणाले. मी त्यांना पान दिले आणि निरोप दिला. त्या वेळी मला वाटले, पाहा, याचेही आयुष्य त्या लबाडीने नासले! त्यांच्या हसण्यातील कृतज्ञता मला दिसली नाही.

येथे वाचकांचा एक गैरसमज होऊ नये. माझ्या वडिलांनी केले ते योग्य होते असे मी म्हणत नाही. बुडोकानमधील प्रेक्षक आणि आमच्या मंडईतील प्रेक्षक यांत फरक आहे. टोकियोत १९५४ साली चौकातील गर्दी भोळी असेल. पण पुढच्या पिढ्यांनी हा खेळ काय आहे ते ओळखून त्याच्यावर प्रेम केले. आमच्या मंडईतील माणसांना खरी कुस्ती पाहावयास मिळेल असे वचन दिलेले होते, आणि ते मोडले गेले. रात्री त्याच मांडवात त्यांच्यापुढे नाटक झाले, तेव्हा नटाने मरणाचे सोंग करावे याला त्यांची संमती होती. दुपारच्या सोंगाला त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. म्हणून 'फसवणूक' हा शब्द मी आजही मागे घेऊ शकत नाही, आणि वडीलही तो मागे घ्या म्हणाले नसते. आपल्या दोन नियमांपैकी दुसरा आपण मोडला हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. ते पुन्हा दंगलीत उतरले नाहीत, हीच त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा.

मात्र त्या कृत्याला तेवढे एकच नाव पुरते असे जे मी चाळीस वर्षे मानीत आलो, ते चूक होते. त्याच वीस मिनिटांत त्यांनी एका तरुणाला मोठे केले आणि एका मुलाला नागपूरला पाठविले. त्यासाठी त्यांच्यापाशी खर्च करण्याजोगी एकच चीज होती, त्यांची कधी माती न लागलेली पाठ. खर्डेकरांनी पहेलवानासाठी घर गहाण टाकले. माझ्या वडिलांनी मास्तरासाठी पाठ गहाण टाकली. खर्डेकरांची गोष्ट सांगताना मध्येच थांबणारे वडील मला किती वर्षे आठवत आहेत! पण १९८२ नंतर ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितल्याचे मला आठवत नाही. हे ध्यानात यावयास मला मुलीजवळ बसून जपानात जावे लागले.

ठरलेली कुस्ती म्हणजे फुकाचे सोंग, असे मी मुलीला म्हटले होते. त्सुरुता पुढे काविळीच्या जातीच्या यकृतविकाराने खचला. तेव्हा तो त्सुकुबा विद्यापीठात शिकला आणि विद्यापीठांतून व्याख्याने देऊ लागला. २००० च्या मे महिन्यात यकृतरोपणाच्या शस्त्रक्रियेत तो मेला. मिसावा १३ जून २००९ रोजी हिरोशिमात कुस्ती चालू असताना एका फेकीनंतर उठला नाही आणि त्याच रात्री त्याचा अंत झाला. वय अवघे सेहेचाळीस. निकाल ठरलेला होता. पण फळी ठरवून मऊ होत नाही. रोज रात्री पडून पडून झिजलेली मान ही काही सोंगाची नव्हती. वडिलांचे गुडघेही सोंगाचे नव्हते.

सुटी संपण्याच्या आदल्या रात्री मी मुलीला तिच्या आजोबांची ही गोष्ट सांगितली. घरात ती प्रथमच कोणी कोणाला सांगत होते. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आजोबांना तुम्ही नंतर कधी काही बोललात?"

"नाही," मी म्हटले. "तेहतीस वर्षे होती. पण नाही."

दुसऱ्या दिवशी तिला गाडीवर बसवून आल्यावर मी कपाटातून खाशाबांचे ते काचेतले चित्र काढले. आखाडा पडला तेव्हा मी ते उचलून आणले होते; पण भिंतीवर लावले नव्हते. कागद पिवळा झाला आहे आणि काचेच्या एका कोपऱ्यात आत शिरलेली थोडी तांबूस माती आहे. पुसण्यासाठी मी मागची फळी सोडविणार होतो. मग ती तशीच राहू दिली. आता ते माझ्या अभ्यासिकेत, मेजाच्या समोर आहे. येत्या मंडईला मुलीला घेऊन मी नदीपलीकडे जाणार आहे. त्या गृहस्थांचा आखाडा अजून चालतो असे कळले आहे. तेरवीच्या दिवशी ते माझ्याशी जे बोलले त्याचे उत्तर द्यावयाचे राहून गेले आहे.